ऑनलाइन समुपदेशन हवंच, पण बोलायला दार लागणारी खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या पेपरात मानसिक आरोग्यावर बरंच छापून येतंय, ताणतणाव, मोबाइलवरचं समुपदेशन, व्यसनमुक्ती, सगळं वाचतो मी. चांगलं असतं. पण त्यात एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. फोन सगळ्यांकडे आहे, रिचार्ज आहे, शोधलं तर पलीकडे काउन्सेलरही मिळतो, पण तो फोन घेऊन बसायचं कुठे? आपल्या नाशिकच्या सिडकोत दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहतात, नवरा-बायको भांडतात ते पण हळू आवाजात, तिथं एखादा माणूस पाऊण तास दारूबद्दल, कर्जाबद्दल, रात्री डोळ्यांसमोर येणाऱ्या रक्ताबद्दल बोलणार कसा? पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण खोलीचा मुद्दा तेवढा राहू द्या ही विनंती.

मी अंबडला एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, ॲडव्हान्स, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे कागद सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे माणूस आतून खचायला लागला की ते कधीकधी घरच्यांच्या आधी हजेरीपटावर दिसतं. पगार झाला की दोन दिवस खाडा. मग सोमवारचा खाडा. मग ॲडव्हान्सचा अर्ज, कारण दर वेळी वेगळं, कधी सासरे आजारी, कधी पोराची फी. आणि एक प्रकार असा असतो की तो स्वतःहून थर्ड शिफ्ट मागून घेतो, सगळ्यांना वाटतं काय कष्टाळू माणूस आहे, आणि खरं कारण हे असतं की त्याला रात्री घरी झोपच लागत नाही, अंधार नको वाटतो.

आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात तिथला, एक ऑपरेटर असाच होता. नाव-गाव लिहीत नाही, त्याला विचारून लिहितोय एवढं सांगतो. शेजारच्या मशीनवर अपघात झाला, जोडीदाराची बोटं गेली, आणि मशीन बंद करून त्याचा हात सोडवायला हाच धावला. जखमी झालेल्याकडे सगळ्यांनी लक्ष दिलं, ते बरोबरच होतं, दवाखाना, ईएसआय, भरपाईचे कागद सगळं झालं. याच्याकडे कुणी बघितलं नाही कारण याला साधं खरचटलं पण नव्हतं. पुढे काय व्हायला लागलं, तर दुकानाचं शटर जोरात खाली आलं की हा दचकायचा, घाम फुटायचा, रात्री तेच दृश्य, मग झोप यावी म्हणून एक क्वार्टर, मग दोन. घरचे म्हणाले संगत वाईट लागली. संगतीचा काही संबंध नव्हता. झोपेचं औषध म्हणून सुरू झालेली दारू होती ती.

म्हणून मला वाटतं की ताण वेगळा, व्यसन वेगळं आणि मनावरचा आघात वेगळा असं करून चालत नाही. शिबिरात नेऊन शपथ दिली, देवळात माळ घातली, पंधरा दिवस बंद केली आणि रात्रीचं ते दृश्य तसंच राहिलं तर माणूस परत पिणारच ना. आणि उलटही खरंय, रोज रात्री पिऊन येणाऱ्या माणसाशी अपघाताबद्दल कितीही बोला, दुसऱ्या दिवशी डोक्यात काही राहत नाही. दोन्ही एकत्र हातात घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ते काम शिकलेला माणूस लागतो.

त्याला आधी दवाखान्यात ठेवलं, त्याबद्दल पुढे लिहितो कारण तो भाग महत्त्वाचा आहे. सुटल्यावर पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमबरोबर आठवड्याला एक सेशन, व्हिडिओ कॉलवर, मराठीत. घरी जमेना. एकदा आई शेजारी येऊन बसली, एकदा पोरगं फोन मागायला लागलं, एकदा त्याने पाथर्डी फाट्याच्या पुढे गाडी बाजूला लावून हेल्मेट घालून सेशन घेतलं म्हणजे रडला तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी मॅनेजर साहेबांना भेटलो. आमच्याकडे जुनी रजिस्टरं ठेवायची एक छोटी खोली आहे. त्यातले दोन रॅक हलवले, खुर्ची टाकली, आतून कडी आहेच. गुरुवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो आत बसायचा आणि मी बाहेर बाकड्यावर, कुणी रजिस्टर मागायला आलं तर उद्या ये म्हणायचं. एवढंच केलं आम्ही. खर्च म्हणाल तर एक एक्स्टेन्शन बोर्ड.

आता त्या सेशनमध्ये काय चालतं हे लोकांना कळलं पाहिजे, कारण बहुतेकांना वाटतं की काउन्सेलर म्हणजे गोड बोलून उपदेश करणारा माणूस, पॉझिटिव्ह राहा, योगा करा, सगळं ठीक होईल. तसं नसतं. निदान चांगल्याकडे तरी नसतं. मॅडमनी पहिल्या सेशनला अपघाताचा विषय काढलाच नाही. झोप किती वाजता, जाग किती वाजता, शेवटचं पोटभर कधी जेवलास, पितोस ती वेळ कोणती, जागा कोणती, खिशात पैसे किती असतात त्या वेळी. आणि एक वही करायला सांगितली. त्या वहीतलं एक पान त्याने मला दाखवलं होतं ते असं: मंगळवार, संध्याकाळी सव्वासात, कंपनीच्या बसमधून उतरलो, एकटा, दुपारी डबा खाल्ला नव्हता, सुपरवायझरशी वाजलं होतं, तलफ दहापैकी आठ, समोरच्या गाडीवर भेळ खाल्ली, मेहुण्याला फोन केला, वीस मिनिटांनी तलफ चार. बस. असं रोज. मॅडमचं म्हणणं असं की तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, ती उतरेपर्यंत तेवढी वीस-तीस मिनिटं कशी काढायची ते आधीच ठरवून ठेवायचं. आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय काय आहे ते तेव्हाच्या तेव्हा बघायचं. त्याच्या वहीत जवळजवळ प्रत्येक वाईट संध्याकाळी दुपारचा डबा परत गेलेला होता. मग काय, डबा खाणं हाच उपचाराचा भाग झाला. बसचा स्टॉप बदलला. पगार बायकोच्या खात्यात. ह्या गोष्टी ऐकायला बारीक वाटतात पण शपथेपेक्षा ह्याच कामाला आल्या.

अपघाताचं काम नंतर सुरू झालं, दारू सुटून झोप थोडी बसल्यावर. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे जे घडलं ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडाने सांगायचं, परत परत, दर सेशनला, इतकं की ते आठवलं तरी अंगावर धावून येणार नाही. दुसरं म्हणजे ज्याला तो टाळत होता त्याच्याकडे पायरी पायरीने जायचं. आधी नुसतं प्रेस शॉपच्या दारात उभं राहायचं. मग मशीन बंद असताना शेजारी. मग दुसऱ्याचं मशीन चालू असताना दहा फुटांवर. यात शॉपच्या सुपरवायझरने फार समजून घेतलं, त्याला तोपर्यंत पॅकिंगला ठेवलं, कुणी चिडवलं तर त्याला झापलं. या पद्धतीला जगभर मान्यता आहे, आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धती), आणि दुसरी ईएमडीआर नावाची आहे ज्यात डोळ्यांची हालचाल करवून घेतात, दोन्ही शिकलेल्या माणसानेच करायच्या असतात. उलट अपघात झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून बोला बोला काय वाटलं ते सांगा असं एकदाच करवून घेण्याने फायदा होत नाही असं अभ्यासात दिसलंय, तरी कंपन्यांमध्ये ते एक लेक्चर ठेवून मोकळे होतात.

सेशनच्या वेळी खोलीतून काय ऐकू येत नव्हतं कारण आम्ही पंखा फुल ठेवायचो, पण तो बाहेर आला की डोळे सुजलेले असायचे. नळावर तोंड धुवायचा आणि बसला जायचा. असं बोलणं घरातल्या हॉलमध्ये, टीव्ही चालू असताना होणं शक्य नाही हो. त्यासाठी दार लागतं.

मध्ये एका हळदीला तो प्यायला. मला वाटलं आता गेलं सगळं. मॅडमनी पुढच्या सेशनला ना ओरडा दिला ना लेक्चर, पुन्हा ती वही काढली, कोणत्या वेळी, कोणी ग्लास दिला, तेव्हा काय बोलता आलं असतं, ते वाक्य त्याच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. पुढच्या लग्नाला तो बायकोबरोबर गेला, जेवला आणि बँड सुरू व्हायच्या आत निघाला. आता तो बरा आहे, पूर्ण बरा म्हणणार नाही, पावसाळ्यात वीज कडाडली की अजून त्रास होतो.

हे काम फक्त मोठ्या डिग्रीवाल्यांनाच जमतं असंही नाही. शेजारी गोव्यात संगात नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या लोकांना नीट शिकवून दारू जास्त पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला बसवलं, फक्त एक ते चार भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर १०० पैकी ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते आणि नेहमीच्या उपचारात १०० पैकी २६. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ च्या शेवटी आलं ते. ते समोरासमोर होतं, पण ऑनलाइनचंही तसंच, डिप्रेशन आणि चिंतेसाठी ऑनलाइन सीबीटी समोरासमोरच्या जवळपास उतरते असं अनेक अभ्यास सांगतात, अट एकच की मागे माणूस पाहिजे. नुसतं ॲप डाउनलोड करून दिलं तर लोक दोन आठवड्यांत सोडून देतात. आणि गरज किती आहे बघा, एम्सच्या २०१९ च्या अहवालात होतं की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसली तरी मदत मिळते. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. पेठ-सुरगाण्याच्या माणसाने जायचं कुठे? फोनवरच ना.

दुसरं उदाहरण घरातलं. माझा चुलतभाऊ निफाड तालुक्यात, द्राक्षं. काढणीला आलेल्या बागेवर अवकाळी पाऊस पडला, मणी तडकले, व्यापाऱ्याने सौदा मोडला, सोसायटीचं कर्ज तसंच. दादा पीत नाही, पण त्याचं बोलणंच बंद झालं. बागेत जायचा आणि नुसता बांधावर बसायचा. वहिनींनी मला फोन केला की तुम्ही या, मला भीती वाटते. आम्ही १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. त्याचं फोनवरचं समुपदेशन पुढे सुरू झालं ते शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. घरात वडील, काका, सगळे, आणि गावात कळलं तर पोरीच्या सोयरिकीला अडचण, म्हणून मोटारीची खोली. त्यात पण मोटार चालू असली की काही ऐकू येत नाही, म्हणजे शेतीच्या लाइनची पाळी बघून सेशनची वेळ ठरवायची, एका आठवड्यात दिवसा लाइट, दुसऱ्यात रात्री. समोरच्या ताईंनी पण ते समजून घेतलं हे विशेष. त्यांनी त्याला मोठं काही सांगितलं नाही. कर्जाचा विचार दिवसभर नको, संध्याकाळी सहा ते साडेसहा वही घेऊन त्याचाच करायचा, बाकी वेळी आला तर सहाला ये म्हणायचं. सोसायटीच्या सचिवाला अमुक दिवशी भेटायचं, सोबत मी जाणार. रोज सकाळी गायीची धार त्यानेच काढायची, मन असो नसो. मन लागेल तेव्हा काम करू असं नाही, काम करायला लागलं की मन हळूहळू मागून येतं, हे त्यामागचं सूत्र आहे. ऑक्टोबर छाटणीला तो परत स्वतः उभा राहिला, याच्यापलीकडे मी काही सांगत नाही कारण भाव काय मिळेल ते कुणाच्याच हातात नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. फोन बऱ्याच घरांत सामाईक असतो, पासवर्ड नवऱ्याला माहीत. मारहाण होणाऱ्या घरातल्या बाईने ऑनलाइन सेशन घेताना आधीच काउन्सेलरशी एक साधं वाक्य ठरवून ठेवावं, "भाजी आणायची राहिली" असं काहीतरी, ते म्हटलं की समोरच्याने विषय बदलायचा आणि रेसिपी विचारायची. चॅट पुसून टाकायचं. जीवाला धोका असेल तर समुपदेशनाची वाट न बघता ११२ (पोलिसांची तातडीची मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन). नवरा पितो त्या घरातल्या बाईला स्वतःलाही मदत लागते हे आपण विसरतो, ती वर्षानुवर्षं त्याचा मूड बघून जगत असते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ मध्ये डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं, तिथे घरच्यांनाही उपचारात धरतात ते याचसाठी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंग आहेत, घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, करोनानंतर दोन्ही ऑनलाइन पण भरतात, फुकट असतात.

आता दवाखान्याचा मुद्दा, आणि हा कृपया ठळक छापा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरात बसून फोनवरच्या सल्ल्याने एकदम दारू बंद करू नये. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम, उलट्या, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, यात माणूस दगावू शकतो. आमच्या त्या ऑपरेटरला दवाखान्यात ठेवलं ते याचसाठी, तिथे औषधं, बी वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सिस्टर रात्री दोनदा बीपी बघायची. हे मोबाइलवर होत नाही. तसंच कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, चिठ्ठी लिहिली असेल, औषधाची बाटली आणून ठेवली असेल तर पुढच्या गुरुवारच्या सेशनची वाट बघायची नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि त्याला घेऊन थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. लोक पोलीस केसला घाबरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

ऑनलाइन कोण बसलाय पलीकडे हे कसं ओळखायचं हा प्रश्न मला कारखान्यातली पोरं नेहमी विचारतात, कारण रील्सवर लाइफ कोच, हीलर, माइंड गुरू यांचा सुळसुळाट आहे, तीन दिवसांत व्यसनमुक्ती म्हणतात आणि आधी पैसे भरायला लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर असतो, तो मागायचा, वेबसाइटवर नाव बघायचं, त्यात लाजायचं काय. सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर, त्याची मेडिकल कौन्सिलची नोंदणी असते आणि या दोघांत गोळ्या तोच देऊ शकतो. पहिल्याच दिवशी विचारा की तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन, मला मध्येच जास्त त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे रेकॉर्ड होतंय का. नीट माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आणि खासगी ॲपवर आपली माहिती कुठे जाते तेही बघा, अमेरिकेत बेटरहेल्प नावाच्या मोठ्या कंपनीला लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरावे लागले.

पैशाचं म्हणाल तर खासगी सेशनला हजार-दीड हजार सहज जातात, कॅज्युअल कामगाराला ते झेपत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, आठवड्याच्या सेशनचे नाही. म्हणून टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या देखरेखीखाली चालतं, १४४१६ नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात. व्यसनासाठी १४४४६ वेगळा आहे. आमच्या कारखान्यात मी विचारून बघितलं, ऑनलाइन रमीच्या ॲपची नावं सगळ्यांना पाठ, हे दोन नंबर कुणालाच माहीत नव्हते.

आणि हे फक्त कामगार-शेतकऱ्यांचं नाही. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. त्यांच्या बेडजवळ उभे असलेले नातेवाईक, धावपळ करणाऱ्या सिस्टर, वॉर्डबॉय, हे सगळे इथेच राहतात, आपल्या आजूबाजूला. एवढ्या वर्षांनी त्यातल्या कुणाला आजही रात्री जाग येत असेल तर तो वेडा नाही, त्यावर उपचार आहे आणि उशीर झाला म्हणून तो चुकत नाही, हे त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवायला पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे, नाशिकमध्ये आणि तालुक्यांच्या गावांत अशा खोल्या द्या. नवीन बांधायला नको. अंबड-सातपूरच्या मोठ्या कारखान्यांत ॲम्ब्युलन्स रूम म्हणजे प्रथमोपचाराची खोली असते, ती दिवसातले कित्येक तास रिकामी असते. सार्वजनिक वाचनालय आपलं १८४० चं, एवढी जुनी संस्था, एखादी खोली दुपारी दोन तास दिली तर केवढं मोठं काम होईल. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं गावोगावी आहेत, नोकरी करणाऱ्यांना शिकवायचा त्यांना १९८९ पासूनचा अनुभव आहे. आरोग्य उपकेंद्रं, ग्रामपंचायतीचं ऑफिस, मंगल कार्यालयाची वधू पक्षाची खोली, काहीही चालेल. आतून कडी लागली पाहिजे, पंखा पाहिजे म्हणजे आवाज बाहेर जात नाही, चार्जिंगला पॉइंट, नेटवर्क, पाण्याची बाटली. आणि बाहेरच्या वहीत नाव, वेळ एवढंच, कशासाठी आलात हा कॉलम नको. तो कॉलम टाकला की कुणी येणार नाही, हे मी टाइम ऑफिसच्या अनुभवावरून सांगतो. कारखानदारांनी तो एक तास हजेरीत धरावा, खाडा लावू नये, अपघातानंतर मशीनवर परत पाठवायची घाई करू नये. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर हे एका मीटिंगमध्ये ठरू शकतं.

आपल्याकडेही दोन विनंत्या आहेत संपादक साहेब. छोट्या जाहिरातींत आणि पाम्प्लेटमध्ये "न सांगता, चहात मिसळून दारू सोडवा" असल्या पुड्यांच्या जाहिराती येतात त्या घेऊ नका. त्या पुडीत काय आहे कुणाला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याची तयारी असेल तरच देतात कारण ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होतं, उलट्या, धडधड, बीपी खाली येतं, जीवावर बेतू शकतं. असलं काही न सांगता नवऱ्याच्या चहात पडलं आणि तो संध्याकाळी प्यायला तर त्या बाईने काय करायचं? आणि दुसरं, १४४१६ आणि १४४४६ हे दोन नंबर रोज हवामान आणि सोन्याच्या भावाच्या शेजारी छापा, बारीक नको, म्हातारा माणूस चष्म्याशिवाय वाचेल एवढ्या अक्षरात.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक